बाप, लेक आणि एक काचटाकी : मत्स्यपेटीतील फिल्टरची पावणेदोनशे वर्षे

१/
घरच्या काचटाकीत सिक्लिड मासे पाळायचे ठरले की पहिला पेच फिल्टरचा पडतो. दुकानाच्या फळीवर स्पंजाचे, टाकीच्या कडेला टांगायचे, वाळूखाली बसवायचे आणि डब्यासारखे असे चार-पाच प्रकार मांडलेले असतात. प्रत्येक खोक्यावर ‘ताशी इतके लिटर’ असा आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात ही सारी यंत्रे म्हणजे एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत मिळालेली उत्तरे आहेत. प्रश्न असा : बंद पाण्यातला मासा नेमका कशाने मरतो?

२/
या प्रश्नाचे अर्धेच उत्तर सुमारे शंभर वर्षे पूर्ण उत्तर म्हणून मिरवले. ते अर्धे उत्तर लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने दिले होते. उरलेल्या उत्तराचा मोठा भाग पुढे त्याच्याच मुलाने शोधला, तोही माशांचा विचार न करता. वडिलांची टाकी आणि मुलाचे संशोधन एकत्र यायला विसावे शतक अर्ध्याहून अधिक सरावे लागले. त्या दोन पिढ्यांची आणि त्यानंतरच्या दीर्घ विस्मृतीची ही हकिकत.

३/
आधी सिक्लिड म्हणजे कोण, ते पाहू. नाव परके असले तरी कूळ ओळखीचे आहे. गोव्याच्या खाड्यांतले कालुंदर, केरळचे करिमीन आणि उजनीच्या जलाशयातली चिलापी हे सारे सिक्लिडच. चिलापीचा वंश आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया भारतात आणला गेला तो १९५२ मध्ये. शोभेच्या माशांत अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले एंजल, डिस्कस आणि ऑस्कर, तसेच आफ्रिकेतील मलावी सरोवराचे रंगीत मासे याच कुळात मोडतात. हद्द राखणे, वाळू उकरणे, झाडे उपटणे आणि भरपूर खाणे ही यांतील बहुतेकांची रीत. फिल्टरच्या इतिहासाला वळण दिले ते याच सवयींनी.

४/
आता लंडन, मे १८४९. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हे अपॉथेकरीज हॉल या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. १८४१ मध्ये केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडते, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्येच दाखवले होते. बंद काचपेटीत नेचे वर्षानुवर्षे जगतात, हे नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी सिद्ध केले होते. मग बंद पाण्यात मासा का जगू नये? वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती ठेवली.

५/
काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली, त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पतीने प्राणवायू द्यायचा, माशाने कर्बवायू द्यायचा आणि गोगलगायीने झाडलोट करायची, असा तिघांचा संसार त्यांनी मांडला. पुढे याच कल्पनेला ‘संतुलित मत्स्यपेटी’ म्हटले जाऊ लागले.

६/
कल्पना देखणी होती आणि काळही तिला अनुकूल होता. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी पोहोचला. दिवाणखान्यात काचटाकी असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण झाले. योग्य संतुलन साधले की पाणी बदलायला नको, असा विश्वास रुजला. ज्यांच्या टाकीतले मासे मेले, त्यांना आपलेच संतुलन चुकले असे वाटत राहिले.

७/
या सिद्धांताच्या नजरेतून एक गोष्ट निसटली होती. मासा केवळ कर्बवायू सोडत नाही. अन्नातील प्रथिनांच्या पचनातून तयार झालेला अमोनिया तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आरशासारख्या निवळ पाण्यातही तो माशाचे कल्ले जाळू शकतो. वॉरिंग्टन यांच्या पात्रात मासे दोनच होते आणि वनस्पती भरपूर. अमोनियाचा काही भाग वनस्पतीने शोषला असणार, उरलेल्याचा निकाल पात्रातल्या अदृश्य जीवांनी लावला असणार. प्रयोग यशस्वी झाला खरा, पण त्याच्या यशाचे कारण अर्धवटच समजले होते.

८/
त्याच काळात विल्यम आल्फर्ड लॉइड वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांनी १८६४ मध्ये हँबुर्गचे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभे करण्यात प्रमुख भाग घेतला. प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांनी अंधारा हौद बांधवला. त्यात टाक्यांतल्यापेक्षा कित्येक पट पाणी असे. पंप अहोरात्र चालत आणि तेच पाणी टाक्यांतून हौदात व हौदातून टाक्यांत फिरे. हवेशी सतत संपर्क राहिला की पाण्यातली घाण ‘जळून’ जाते, अशी त्यांची धारणा होती. आजच्या भाषेत सांगायचे तर मोठा जलसाठा, अखंड प्रवाह आणि भरपूर प्राणवायू ही फिल्टरची तीन तत्त्वे त्यांनी अनुभवातून गाठली होती. घाण नेमकी कोण ‘जाळते’, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते.

९/
ते कळले मैलापाण्यातून. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्स या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून मैलापाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि ताज्या मातीचा अंश मिसळल्यावर पुन्हा सुरू झाली. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस थांबली नसती आणि भूल देणाऱ्या औषधाने बंदही पडली नसती. काम करणारे कोणीतरी सजीव होते.

१०/
ही वार्ता इंग्लंडमधील रोदॅमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत पोहोचली, तेव्हा तिथे काम करत होते रॉबर्ट वॉरिंग्टन. १८४९ चे वॉरिंग्टन नव्हेत, त्यांचा मुलगा (१८३८–१९०७). वडिलांनी सोनमाशांचे पात्र मांडले तेव्हा हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. शेतातल्या मातीत खताचे नायट्रेट कसे होते, हा त्याचा विषय. १८७८ पासून पुढे अनेक निबंधांतून त्याने दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते : एक जीव अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. या जीवांना वेगळे काढणे त्याला साधले नाही. ते १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राडस्की यांनी केले.

११/
वडिलांच्या टाकीत जे चौथे पात्र अदृश्यपणे वावरत होते, ते मुलाने मातीत ओळखले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय या त्रिकुटात जीवाणूंची भर घातली असती तर सिद्धांत त्याच वेळी पुरा झाला असता. पण शेतीचे रसायन आणि दिवाणखान्यातला छंद यांची गाठ पडली नाही.

१२/
या ज्ञानाचा उपयोग आधी कोणी केला असेल, तर तो शहरांच्या अभियंत्यांनी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स येथे १८८७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगकेंद्रात मैलापाणी वाळूच्या थरांतून झिरपवून शुद्ध करण्याचे प्रयोग झाले. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी पाण्यात हवा सोडून, जीवाणूंनी भरलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत जाहीर केली. गाळ हीच खरी कमाई असून ती फेकायची नसते, हे महानगरांच्या मैलाशुद्धीकरणाला तेव्हाच उमगले होते.

१३/
घरगुती टाकीत मात्र नेमके उलट चालले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छोट्या पेटीत काचेची लोकर आणि कोळसा भरलेले फिल्टर मिळू लागले. त्यांचा हेतू एकच : पाणी निवळ दिसावे. त्यामुळे लोकर तपकिरी झाली की ती फेकायची आणि पेटी नळाखाली लख्ख धुवायची, हा शिरस्ता पडला. त्या तपकिरी थरातच जीवाणूंची वसाहत असे. शहराच्या नळाला येणारे क्लोरीनयुक्त पाणी तर जंतू मारण्यासाठीच सिद्ध केलेले असते. टाकी धुऊन चकचकीत केल्यावर चार-आठ दिवसांत मासे का मरतात, हे कोडे त्यामुळे घरोघरी कायम राहिले.

१४/
१९४९ मध्ये, म्हणजे वॉरिंग्टन यांच्या प्रयोगाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, न्यूयॉर्क मत्स्यालयातील जेम्स अ‍ॅट्झ यांनी ‘संतुलित मत्स्यपेटी’ ही दंतकथा असल्याचे लिहिले. टाकीतला प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो आणि कर्बवायूही तिथूनच बाहेर पडतो. वनस्पतीवर सारा भार टाकणे चूक, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभर वर्षांच्या श्रद्धेला हा मोठा तडा होता.

१५/
पुढल्या दोन दशकांत वाळूखालचा फिल्टर लोकप्रिय झाला. तळाशी भोकांची जाळी, तिच्यावर बारीक खडीचा थर आणि हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर उचलले जाणारे पाणी, अशी त्याची रचना. सारे पाणी खडीतून झिरपत असल्यामुळे खडीचा प्रत्येक दाणा जीवाणूंचे घर होई. श्लोझिंग आणि म्युन्ट्स यांची नळीच जणू आडवी होऊन टाकीच्या तळाशी आली होती. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी बंद पाण्यातील मत्स्यपालनावरील पुस्तकात या जैविक गाळणीची शास्त्रीय मांडणी केली आणि मुलाचे संशोधन अखेर वडिलांच्या टाकीपर्यंत पोहोचले.

१६/
याच सुमारास टाकीत नवे पाहुणे आले. १९६० च्या दशकात मलावी सरोवरातील खडकांत राहणारे ‘म्बुना’ सिक्लिड परदेशी बाजारात जाऊ लागले. निळ्या-पिवळ्या रंगांमुळे समुद्री माशांशी स्पर्धा करणारे हे गोड्या पाण्यातले मासे हातोहात खपले. जुन्या व्यवस्थेचा एकेक आधार मात्र त्यांनी मोडून काढला. झाडे ते कुरतडत किंवा उपटत. खडी उकरून तळाची जाळी उघडी पाडत. मग पाणी खडीतून न जाता त्या उघड्या जागेतूनच निसटे आणि वाळूखालचा फिल्टर निकामी होई. भांडणे विभागली जावीत म्हणून पाळणारे त्यांना दाटीने ठेवत, त्यामुळे अमोनियाही वाढे.

१७/
त्यात भर पाण्याच्या स्वभावाची. मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ७.७ ते ८.६ असतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत राहतो : एक बरेच निरुपद्रवी, दुसरे जहाल. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना जहाल रूपाचे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का असते. सामू ८ झाला की ते ५ टक्क्यांवर जाते आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चाचणीत एकूण अमोनिया तेवढाच दिसला, तरी मलावीच्या टाकीत तो कित्येक पट घातक ठरतो. सोनमाशांच्या टाकीत खपून जाणारी हयगय इथे दोन दिवसांत जीव घेते.

१८/
म्हणून जीवाणूंचे घर माशांच्या आवाक्याबाहेर हलवणे भाग पडले. जर्मनीतील गुंथर आयहाइम यांच्या कंपनीने १९६० च्या दशकात डबा-फिल्टर, म्हणजे कॅनिस्टर, बाजारात आणला. टाकीखालच्या कपाटात बंद डबा, त्यात सच्छिद्र माध्यमाचे थर आणि दोन नळ्यांतून फिरणारे पाणी. लॉइड यांचा अंधारा हौद आकसून काही लिटरांचा झाला होता. सच्छिद्र माध्यमाच्या थरांमुळे थोड्या जागेत अफाट पृष्ठभाग मिळाला आणि त्यावर जीवाणूंना वस्ती करता आली.

१९/
त्या वस्तीत नेमके कोण राहते, याचा शोध अजून चालू आहे. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टाकीतील नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू पाठ्यपुस्तकातल्या नायट्रोबॅक्टर वंशाचे नसून नायट्रोस्पायरा वंशाचे आहेत. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील एका टाकीतून अमोनियावर जगणारा पहिला आर्किया वेगळा काढला गेला. हा सूक्ष्मजीव जीवाणूंहून निराळ्या शाखेचा. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणू सापडले, आणि त्यांतील काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते. ज्या छंदाने विज्ञानाकडे शतकभर पाठ फिरवली, त्याच्याच टाकीतून विज्ञानाला नवे जीव मिळाले.

२०/
या इतिहासाच्या उजेडात दुकानातली फळी वेगळी दिसते. फिल्टर निवडताना पहिला प्रश्न ‘पाणी किती निवळेल’ हा नसून ‘जीवाणूंना जागा किती आणि प्राणवायू किती’ हा असायला हवा. ताशी लिटरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. माध्यम भरले आणि गाळ साचला की प्रवाह घटतो. ताशी टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरावे, असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण आडाखा आहे. दाटीच्या मलावी टाकीला त्याहून अधिक. दोन फिल्टरांचा आकडा सारखा असेल तर ज्यात माध्यम जास्त मावते तो घ्यावा.

२१/
प्रकारागणिक पाहू. उकरणाऱ्या सिक्लिडसाठी वाळूखालचा फिल्टर टाळावा. कारण वर आलेच आहे. २०० लिटर आणि त्याहून मोठ्या मलावी किंवा ऑस्करच्या टाकीला कॅनिस्टर शोभतो. लहान टाकीला कडेला टांगायचा फिल्टर पुरतो, मात्र त्यात दर महिन्याला फेकायच्या कोळशाच्या पिशवीऐवजी कायमचा स्पंज आणि सच्छिद्र माध्यम घालावे. पिल्लांच्या टाकीला स्पंज फिल्टरसारखा दुसरा नाही. प्रवाह मंद असतो, पिल्ले आत ओढली जात नाहीत आणि स्पंजावरचे सूक्ष्मजीव टिपत ती वाढतात. डिस्कसच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी जहाल असतो, पण तिथे हे जीवाणूही मंदावतात. म्हणून माध्यमाबाबत काटकसर नको.

२२/
एक मुद्दा विजेचा. प्रवाह थांबला की कॅनिस्टरच्या बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जीवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर तेच नासके पाणी टाकीत ओतले जाते. जिथे तासन्‌तास वीज जाते, तिथे कॅनिस्टरच्या जोडीला एक स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असणे ही चैन नव्हे, तो माशांचा विमा आहे. वीज बराच वेळ गेली असेल तर डब्यातले पाणी फेकून, माध्यम टाकीच्या पाण्यात हलकेच खंगाळूनच फिल्टर पुन्हा सुरू करावा.

२३/
दुसरा मुद्दा संयमाचा. श्लोझिंग आणि म्युन्ट्स यांना वीस दिवस वाट पाहावी लागली. नव्या टाकीलाही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता अमोनियाचा थोडा थोडा पुरवठा करावा आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे आणावेत. कोणा परिचिताच्या चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. दह्याला विरजण लावण्याचाच हा प्रकार. शेवटी उरणारे नायट्रेट फिल्टर काढत नाही. त्यासाठी दर आठवड्याला काही पाणी बदलावेच लागते. संतुलित मत्स्यपेटीचे स्वप्न इथे कायमचे संपते.

२४/
थोरल्या वॉरिंग्टन यांना मोडीत काढण्याचे कारण नाही. बंद पाणी ही एक व्यवस्था असते आणि तिच्यात कोणी कोणाचे उष्टे खाते, हे त्यांनी अचूक हेरले होते. व्यवस्थेतला सर्वांत कष्टाळू घटक डोळ्यांना दिसत नव्हता, एवढेच. आज तो दिसत नसला तरी ठाऊक आहे. तरीही दर रविवारी कितीतरी घरांत फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला जातो. तो स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा हलवून, तपकिरीच ठेवून, परत जागेवर बसवावा. माशांचे आयुष्य त्या तपकिरी थरावर उभे आहे.

(थ्रेड समाप्त)